पहिलं तोंड

दिग्रस, २१ जून १९६०

पूनमसिंग,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. दोन वर्षांत एक ओळ न धाडणाऱ्याला चिरंजीव म्हणावं की श्रीयुत, हे मला ठरवता येईना. तू ठरव आणि कळव.

तुझा पत्ता तुमच्या तांड्यातल्या रामसिंगनं दिला. पेरणीसाठी खाणीवरून घरी आला होता, तर शाळेच्या फाटकाशी गाठ पडली. म्हणाला, "पूनम तिकडं चांद्याले कोळशाच्या खाणीवर हजेरी लिहिते, सर. सायब लय खुश हाये त्याच्यावर. इंग्रजी फस्कलास लिहिते म्हणे." ऐकून माझी छाती वीतभर फुगली, खोटं कशाला बोलू. अरे, ते इंग्रजी कोणाचं आहे, लेका?

म्हणून हे पत्र. मॅट्रिकला बाहेरून बसता येतं. फॉर्म मी आणून भरून ठेवला आहे, सही तेवढी तुझी पाहिजे. वर्गात पहिला येणारा मुलगा परीक्षेला महिना उरला असताना गाव सोडून जातो, हे मला अजून गिळता आलेलं नाही. तुमच्या तांड्यातून मॅट्रिक होणारा तू पहिला ठरला असतास. अजूनही ठरशील, हट्ट सोडलास तर.

तू का गेलास ते तुझ्या आईनं, रुपीबाईनं, मला सांगितलं आहे. बाजारामागच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, गंजी जळाली, त्या दिवशी आवारातून शेवटची बाहेर पडलेली बैलगाडी भीमसिंगची होती. गावात बोभाटा झाला. आणि तू बापाला तोंडावर विचारलंस, "बा, आग तूच लावली का?" त्यानं उत्तर दिलं नाही. तू ती कबुलीच धरलीस आणि निघालास. आईबापाकडे पाठ फिरवून दोन वर्षं! शाबास.

माझ्या वर्गातल्या त्या वाक्याबद्दल तुझ्या मनात काही असेल, तर ते काढून टाक. धडा काय होता, आठव. इंग्रजीत एखाद्या माणसाचं वर्णन करताना 'लोक म्हणतात', 'असं समजतात', 'असं ऐकतो' हे शब्द वाक्याच्या पोटात खोचतात, तो धडा. 'द कार्टमन हू, पीपल से, सेट फायर टू द कॉटन, लिव्ज नियर अवर टाऊन.' ज्या गाडीवानानं, लोक म्हणतात, कापूस पेटवला, तो आपल्या गावाजवळच राहतो. अशा जागी अख्खा वर्ग 'हूम' लिहायचा, तू एकटा 'हू'. माझी पद्धतही तुला ठाऊक आहे. पुस्तकातले जॉन आणि मेरी मी फळ्यावर चढू देत नाही. गावातली माणसं घेतो, गावातल्या घटना घेतो, म्हणजे पोरांच्या डोक्यात बसतं. त्या दिवशी तपासणीला आलेले इन्स्पेक्टरसाहेब मागच्या बाकावर होते, त्यांनाही ही पद्धत पसंत पडली. आता सांग, त्या वाक्यात मी कुठं आहे? कुठंच नाही. लोक म्हणतात, असं स्वच्छ लिहिलं होतं. नावसुद्धा कोणाचं घेतलं नव्हतं.

बाकी सगळं ठीक. महाराष्ट्र झाला म्हणून मे महिन्यात शाळेत पेढे वाटले. घरी काकू तुझी आठवण काढतात. सही करून फॉर्म उलट टपालानं पाठव.

सदाशिव गावंडे, इंग्रजीचा मास्तर


दिग्रस, १४ ऑगस्ट १९६०

पूनमसिंग,

फॉर्मची तारीख गेली. असो. तू तर असा गप्प बसलास की जणू माझाच धडा चुकला.

तुला घरचं खरं काही कळत नसणार, कारण तांड्यात पत्र लिहिता येणारा तू एकटाच होतास. म्हणून मी लिहितो.

तू गेल्यावर जमादारानं भीमसिंगला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. काही निघालं नाही, सोडून दिलं. जिनवाल्यानं त्याची गाडी आवारात घेणं बंद केलं. मग तांड्यात नसाब बसली. तुमच्या पंचायतीतलं मला जे ऐकून कळलं तेवढं सांगतो. भीमसिंग तांड्याचा नायक. पण आळ डोक्यावर असताना नायकाच्या जागी बसता येत नाही, असं ठरलं. आळ खोटा असेल तर काय करायचं, ती तुमच्या तांड्याची रीत त्याला सांगितली: पहिलं तोंड आण. ज्याच्याकडून गोष्ट ऐकली त्याला जाऊन विचारायचं, तुले कोण सांगतलं? त्यानं नाव घेतलं की त्या नावाच्या दारी जायचं. असं करता करता ज्याच्यापुढं नावच उरत नाही, ते पहिलं तोंड. त्या माणसानं नसाबीत येऊन स्वतः बोलायचं. पाहिलं असेल तर पाहिलं म्हणायचं, नसेल तर नाही म्हणायचं. त्याशिवाय आळ उतरत नाही.

आणि तुझा बाप खरोखरच निघाला. दीड वर्ष फिरत होता. बाजाराच्या दिवशी एक घर, कधी दोन. चहावाल्यानं शिंप्याचं नाव घेतलं, शिंप्यानं किराणावाल्या फुलचंदचं, फुलचंदनं आणखी कोणाचं. लोक टिंगल करायचे. "काय नायक, कापूस तं जळला, आता राख चिवडून राह्यले का?" तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. पागोटं काढून मांडीवर घ्यायचा, ओट्याच्या कडेला टेकायचा आणि तोच एक प्रश्न विचारायचा. अशी अकरा घरं झाली. अकरावं तुझ्याच वर्गातल्या एका पोराचं.

गेल्या दिवाळीत तो माझ्या ओट्यावर आला. मी पानाचा डबा पुढं केला, त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "मास्तर, पोरायनं हे तुमच्या फळ्यावरून नेलं म्हणे. तुमाले कोण सांगतलं?"

मी सांगितलं, जिनातल्या काट्यावरचा पंजाबराव.

पंजाबराव कापूस तोलायचा, आग लागली तेव्हा तिथंच होता, माझा जिवाचा दोस्त होता, हे तुला माहीत आहे. तो त्याच उन्हाळ्यात काविळीनं गेला, हे कदाचित माहीत नसेल. भीमसिंगनं मांडीवरचं पागोटं उचललं. मेलेल्या माणसाला नसाबीत कसा आणणार? मग उठला, राम राम घातला आणि गेला. तेव्हापासून तो तांड्याच्या बैठकीत कडेला बसतो, जिथं चपला काढतात तिथं. रुपीबाई म्हणते, घरातही फारसं बोलत नाही.

त्यानं नाव विचारलं, मी दिलं. यात माझं काय चुकलं ते तूच सांग. झालं गेलं विसर आणि एकदा येऊन बापाला भेट. तो थकला आहे.

सदाशिव गावंडे


दिग्रस, २५ सप्टेंबर १९६०

पूनमसिंग,

तुझं कार्ड पोचलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तेच ठसठशीत, एक काना इकडचा तिकडे नाही. "सर, पंजाबरावकाका खोटं बोलणारे नव्हते. लहानपणी मला काट्यावर बसवून वजन सांगायचे. ते म्हणाले असतील तर खरंच असेल. एवढे दिवस मनात थोडी शंका होती, ती तुमच्या पत्रानं गेली. आता बाविषयी लिहू नका."

काकूंनी विचारलं, काय लिहिते पोरगं? मी म्हणालो, खुशाल आहे. मग दिवसभर मला जेवण गेलं नाही.

तू एवढ्या घाईनं निकाल द्यायला नको होतास. पंजाबरावचं नाव मी घेतलं, असं मी लिहिलं. तो काय म्हणाला, ते मी कुठं लिहिलं? पत्र पुन्हा काढून वाच. वर्गात तुला हेच तर शिकवलं होतं, की शब्द असतो तेवढाच वाचावा.

छे. हे मी काय लिहून राह्यलो, मला कळत नाही.

पूनम, गेल्या आठवड्यात सत्यशीलाबाई घरी आल्या. पंजाबरावची बायको. पितृपक्षातलं त्याचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"मास्तर, काल माह्या घरी चार माणसं जेवाले आली. घास तोंडात अन् म्हणे, त्या बंजाऱ्यावर आळ पंजाबरावनंच घेतलता. त्यायच्याच नावाच्या पानावर बसून! मेल्या माणसाच्या तोंडात हे काहून घातलं तुमी?"

मी म्हणालो, "बाई, जुनी गोष्ट आहे ती."

"तुमाले जुनी. मले रोज ताजी हाये." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यायनं तुमाले काय सांगतलं, ते मले बी सांगतलं होतं. अन् मी ते भीमसिंग नायकाले सांगून देलं. आज नाई, गेल्या दिवाळीतच. तुमच्या ओट्यावरून उठून तो सीधा माह्याच दारात आल्ता."

माझी पाचावर धारण बसली. कसाबसा बोललो, "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणे, बाई, तुमी खऱ्या हा. पण नसाबीत ज्याचं तोंड त्यालेच या लागते, त्याची बायको नाई चालत. मास्तर येतीन आपल्या पायानं. वाट पाहू."

म्हणजे वर्ष झालं, त्याला ठाऊक आहे. वर्षभर दर बाजाराला तो माझ्या घरावरून जातो आणि हात जोडून "राम राम मास्तर" म्हणतो. मीही खुशाल राम राम करतो. पंजाबराव गेला तेव्हा रडलो खरा. पण भीमसिंग माझ्या ओट्यावरून निमूट उठला, तेव्हा मनात आलं होतं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. दोस्ताच्या मरणाबद्दल असं मनात आलं, पूनम. लाज वाटते लिहायला.

पंजाबराव काय म्हणाला होता, ते सांगायला आता बसलो होतो. पण शाळेची घंटा होईल.

सदाशिव


दिग्रस, १५ जानेवारी १९६१

पूनम,

काल संक्रांत झाली. शाळेतली पोरं तिळगूळ घेऊन आली, गोड बोला म्हणाली. आज सुटी आहे, घंटा व्हायची नाही. लिहितो.

जिन पेटलं त्याच संध्याकाळी पंजाबराव माझ्याकडे आला. अंगाला धुराचा वास, भुवया जळालेल्या. म्हणाला, "मास्तर, कापसासंग खडा गेला यंत्रात अन् ठिणगी उडाली. म्या माह्या डोळ्यानं पाह्यली. पण मालक म्हणते, यंत्राचं नाव कोणी काढाचं नाई. तुमी बोलू नका कोणाजवळ, माही भाकर जाईन." मी विचारलं, गाड्या होत्या का आत? म्हणाला, "कायच्या गाड्या? भीमसिंगची शेवटची, ते बी कवाचीच फाटकाबाहेर गेलती."

हे पंजाबरावचं म्हणणं. तुझ्या बापानं आग लावली नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिग्रसमध्ये ज्या तीन-चार माणसांना माहीत होतं, त्यांतला मी एक.

मग फळ्यावर ते वाक्य का लिहिलं, विचारशील. ऐक, आणि हसू आलं तर हस. त्या धड्याला असंच वाक्य लागतं, जे लोक म्हणतात आणि जे खरं नसतं. तेव्हाच पोरांना उमगतं, की बोलणारा 'लोक म्हणतात' का खोचतो; तो स्वतः हमी घेत नाही, म्हणून. मला वाटलं, याहून नामी उदाहरण मिळायचं नाही. खाली दुसरं वाक्य लिहिणार होतो: पण लोकांचं ते म्हणणं खोटं निघालं. अशी दोन वाक्यं, एकाखाली एक, इन्स्पेक्टरसमोर! मी आदल्या दिवशी घरी तालीमसुद्धा केली होती.

पण आधी मी तुला उठवलं. एवढे महिने मी तुला लिहितो आहे आणि ही गोष्ट टाळतो आहे. तुलाही ती विसरता आली नसेल. माझी ती युक्ती होती ना, 'लोक म्हणतात'वर बोट ठेवा, उरलेलं वाचा, वाक्य उभं राहिलं तर 'हू' बरोबर. तू चुकायचा नाहीस म्हणून तुला फळ्याशी बोलावलं. तू बोट ठेवलंस. आणि मोठ्यानं वाचलंस: ज्या गाडीवानानं कापूस पेटवला, तो आपल्या गावाजवळच राहतो. वर्गात खसखस पिकली, कारण शेवटची गाडी कोणाची होती हे साऱ्या पोरांना माहीत. मला ते दिसलं. तुझं बोट फळ्यावरून निघत नव्हतं, तेही दिसलं. इन्स्पेक्टर "व्हेरी गुड" म्हणून उठले आणि मी त्यांच्या मागं चहाला गेलो.

दुसरं वाक्य राहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं. मी पुढचा धडा काढला. कारण तोवर गावात सुरू झालं होतं, आणि आता बोललो तर हे कुठून निघालं असं कोणी विचारेल, याची भीती वाटली.

आणि शेवटचं सांगतो. मी 'लोक म्हणतात' असं लिहिलं, तेव्हा लोक तसं म्हणत नव्हते. एकही माणूस म्हणत नव्हता. कोणी हमालाच्या बिडीचं बोलत होतं, कोणी मालकाच्या नशिबाचं. भीमसिंगचं नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. वर्ग सुटल्यावर ते बत्तीस वह्यांतून घरोघर गेलं, आणि मग म्हणायला लागले. शिंप्यानं तर मलाच ऐकवलं, "इंग्रजीत लिहेल हाये म्हणे मास्तरच्या फळ्यावर. इंग्रजीत कोणी खोटं लिहिते का?" मी त्याच्याकडे सदऱ्याचं माप देत उभा होतो. मान हलवली आणि हात वर केले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण अडाण्याला म्हणतो. मी बी.ए. आहे.

सदाशिव


दिग्रस, १२ मार्च १९६१

पूनम,

सोबतचं पत्र जानेवारीतलं आहे. पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि दोन महिने शब्दकोशात दडवून ठेवलं. दर सोमवारी वाटायचं, आज टाकू. इतकी मोठी हिंमत तुझ्या मास्तरात नाही, हे एव्हाना तुला कळलंच असेल. आता दोन्ही एकदम वाच, आधी ते, मग हे.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. त्याआधी सत्यशीलाबाईंच्या दारी गेलो आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून सांगितलं की मी चाललो आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन वर्सं लावले." घरी काकूंना सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं पोटात घेऊन जेवत होते तुमी रोज?"

तांड्यावर सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली नसाब बसली होती. रंग खेळून माणसं नुकतीच अंघोळी करून आलेली. भीमसिंग खरंच चपलांजवळ बसला होता. मला पाहून उठला नाही, नजरही चुकवली नाही. तुमचे कारभारी हरिसिंग यांनी मला मध्ये बसवलं आणि विचारलं, "मास्तर, भीमसिंगनं आग लावली हे तुमाले कोण सांगतलं?"

"कोणी नाही."

"तुमी पाह्यलं?"

"नाही."

"मंग कोण म्हणलं?"

मी तीस वर्षं वर्गात बोलतो आहे, पूनम. आवाज कसा फेकायचा ते मला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी 'मी' एवढा एक शब्द बाहेर यायला किती वेळ लागला! मग पंजाबराव, खडा, फळा, तुझं बोट, सगळं सांगितलं. ज्यांना मराठी कमी कळत होतं त्यांना हरिसिंग तुमच्या बोलीत सांगत गेले, म्हणजे प्रत्येक गोष्ट मला दोनदा ऐकावी लागली.

रुपीबाई बायकांतून उठून पुढं आली. मला वाटलं, मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "मास्तर, मी तुमाले अंडे धाडत होती. तूप धाडत होती. माह्या लेकराले चांगलं शिकवा म्हणून. अन् तुमी त्याच्याच तोंडानं त्याच्या बापाले चोर म्हणवलं?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती तिथंच खाली बसून रडली. तुझं नाव घेऊन रडली.

नसाबीनं मला शिक्षा दिली. पहिलं तोंड सापडलं की त्यानं ज्या वाटेनं शब्द गेला त्याच वाटेनं उलटं चालायचं. अकरा दारं, दर दारात उभं राहून स्वतः सांगायचं, की हे मी उठवलं, हे खोटं आहे. भीमसिंगनं सोबत राहून ऐकायचं. सारी दारं झाली की मग तो नायकाच्या जागी बसणार.

आठ दिवस आम्ही दोघं शाळा सुटल्यावर हिंडत होतो, मी पुढं आणि तो दोन पावलं मागं. शिंपी म्हणाला, "जाऊ द्या ना सर, आता कोणाले याद हाये ते?" त्याला आठवतही नव्हतं. दीड वर्ष ज्याच्या पायी तुझा बाप वणवण फिरला, ते त्या गृहस्थाला आठवत नव्हतं! फुलचंदनं तर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी नाई म्हणता ते ठीक हाये मास्तर, पण लोक तं म्हणतातच ना." मी ओरडलो त्याच्यावर, भर दुकानात. "कोण लोक? नाव घे!" भीमसिंगनं माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आणलं. ज्याचं वाटोळं मी केलं, तो माझी समजूत काढत होता.

हेडमास्तरांच्या कानावर गेलंच. बोलावून विचारलं, खरं का? मी खरं म्हणालो. नोकरीचं काय व्हायचं ते उन्हाळ्यात ठरेल.

काल अकरावं दार झालं. मी म्हणालो, "नायक, संपलं. आता तुम्ही जागेवर बसा."

तो म्हणाला, "बारावं राह्यलं."

"कोणाचं?"

"माह्या पोराचं. त्याच्या कानात बी तुमीच घातलं."

मी म्हणालो, आजच सविस्तर पत्र लिहितो. तर मान हलवली. "लिहेलं नाई चालत, मास्तर. लिहूनच तं झालं हे सारं. तोंडानं सांगा लागते."

मग मी धीर करून विचारलं, पूनमनं विचारलं तेव्हा तुम्ही साधं 'नाही' का म्हणाला नाहीत? एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, "पोरगंच इचारते, तवा बापापाशी उत्तर राह्यत नाई. आता कळते, मी नाई म्हणलो असतो तरी त्यानं तुमचंच खरं धरलं असतं. तुमी त्याचे मास्तर."

म्हणून शनिवारी पहाटेच्या मोटारीनं यवतमाळ, तिथून वणीवरून चांदा. रविवारी तुला सुटी असते असं रामसिंग म्हणाला. खोलीवर थांब. मला आत घेऊ नकोस, पाणी विचारू नकोस, सर म्हणू नकोस. दार लावून घेतलंस तर बाहेरून सांगेन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. माफी मागायला मी येत नाही. ती मागायचं तोंड मला नाही. जे तुला फळ्यावर वाचायला लावलं, ते खोटं होतं आणि ते मी म्हणालो होतो, एवढंच सांगून परत फिरेन.

भीमसिंग सोबत येतो आहे. रुपीबाईनं भाकरी बांधून द्यायचं ठरवलं आहे, तुझ्या वाटच्याही. तो तुझ्या दारापर्यंत येणार नाही. म्हणतो, "त्यानं ऐकावं, अन् त्याले वाटलं तं यावं. मी नाई बोलावत." खाणीच्या फाटकाबाहेर बसून राहील.

तू त्याला एकदम ओळखणार नाहीस, पार पिकला आहे तो. फाटकाशी पागोटं मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा दिसेल, तो तुझा बाप.

सदाशिव